न खेळलेला अंतिम सामना : चेल्सी रँडल आणि धाडसाची बदलती व्याख्या

१/ १७ एप्रिल २०२१. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड ओव्हल. महिलांच्या व्यावसायिक ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल लीगचा अंतिम सामना. यजमान ॲडलेडचा संघ स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर उभा आहे. पण त्याची कर्णधार खेळणाऱ्यांत नाही. चेल्सी रँडल. या लीगच्या पहिल्या पिढीतील बहुधा सर्वांत निडर समजली गेलेली बचावपटू. आजचा धागा तिच्या कारकिर्दीविषयी आहे, आणि विशेषतः तिने न खेळलेल्या या एका सामन्याविषयी.

२/ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला बचावपटूंविषयी नेहमी कुतूहल वाटते, आणि त्याचे कारण साधनांशी निगडित आहे. गोल झाला की त्याची नोंद होते : कोणी केला, कितव्या मिनिटाला केला. पण जो गोल होऊच दिला नाही, त्याची नोंद कुठे सापडणार? बचावपटूचा इतिहास म्हणजे बव्हंशी न घडलेल्या गोष्टींचा इतिहास. म्हणून तो लिहायला अवघड, आणि म्हणूनच लिहायला हवा.

३/ आधी खेळाची ओळख करून घेऊ, कारण आपल्याकडे तो फारसा पाहिला जात नाही. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे पहिले लिखित नियम १८५९ साली मेलबर्न येथे तयार झाले. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. प्रत्येक टोकाला चार उभे खांब. मधल्या दोन खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे १ गुण. पुरुषांच्या संघात मैदानावर १८ खेळाडू असतात, महिलांच्या लीगमध्ये १६.

४/ त्यामुळे धावफलकही वेगळा दिसतो. ४.११ (३५) असे लिहिलेले आढळले तर अर्थ असा : ४ गोलांचे २४ गुण, ११ बिहाइंडचे ११ गुण, एकूण ३५. बचावाचे मर्म या हिशेबातच दडलेले आहे. प्रतिस्पर्ध्याला मधल्या खांबांपासून थोडे बाजूला ढकलले, घाईत लाथ मारायला लावले, तर सहाचा एक होतो. उत्तम बचाव म्हणजे प्रत्येक वेळी चेंडू हिसकावणे नव्हे. समोरच्याचे सहा गुण एकावर आणणे हाही बचावच.

५/ दुसरी संज्ञा ‘मार्क’. किमान १५ मीटर अंतरावरून लाथेने आलेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी, मध्ये कोणाचा स्पर्श न होता, स्वच्छ झेलला की झेलणाऱ्याला निर्वेध लाथ मारण्याची संधी मिळते. आक्रमक खेळाडूसाठी आलेला चेंडू बचावपटूने मध्येच झेलला, तर एका क्षणात आक्रमणाची दिशा उलटते. रँडलची ओळख प्रामुख्याने या कौशल्यामुळे झाली.

६/ हे कौशल्य धोक्याचे आहे. चेंडू डोक्यावरून मागे चाललेला असतो. बचावपटू त्याच्यावर नजर ठेवून, मान वर करून, मागे धावत असते. समोरून कोण येत आहे, ते तिला दिसत नाही. समोरून येणारीचीही नजर चेंडूवरच असते. दोघी पूर्ण वेगात. या खेळात धाडसाचा सर्वोच्च नमुना म्हणून जे दृश्य दीडशे वर्षे सांगितले गेले, ते हेच : येणारा आघात टाळण्यासाठी चेंडूवरून नजर न हटवणे.

७/ आता थोडे मागे जाऊ. स्त्रिया हा खेळ अलीकडे खेळू लागल्या, असा समज असेल तर तो दूर करायला हवा. १९१५ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात फॉय अँड गिब्सन या मोठ्या दुकानात काम करणाऱ्या स्त्रियांनी संघ बांधून सामने खेळल्याची नोंद आहे. १९८१ साली व्हिक्टोरिया राज्यात महिलांची स्वतंत्र लीग स्थापन झाली. म्हणजे खेळणाऱ्या होत्या. नव्हते ते मैदान, मानधन आणि नोंद ठेवणारे.

८/ मुलींच्या वाटेतील खरा अडसर वयाचा होता. लहान मुली मुलग्यांच्या संघांत खेळत. पण ठराविक वयानंतर त्यांना बाहेर पडावे लागे आणि पुढे मुलींचा संघ जवळपास नसे. व्हिक्टोरियात तीन किशोरवयीन मुलींनी या नियमाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ते साल २००३. त्यांच्यापैकी पेनी क्युला-रीड पुढे मोठी होऊन महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळली. या पिढीतील अनेकींच्या कारकिर्दीत किशोरवयातील काही वर्षे कोरी दिसतात, ती अशा नियमांमुळे.

९/ चेल्सी रँडल याच पिढीची. जन्म १९९१ चा, वाढली पश्चिम ऑस्ट्रेलियात, आणि तेथील महिला लीगमध्ये स्वान डिस्ट्रिक्ट्स या क्लबकडून खेळली. व्यावसायिक महिला लीग तेव्हा अस्तित्वातच नव्हती. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे तिने अशा खेळाला दिली, ज्यात उपजीविकेची कोणतीही शाश्वती नव्हती. ज्या वयात पुरुष खेळाडूचा तिसरा-चौथा व्यावसायिक करार होतो, त्या वयात तिचा पहिला झाला.

१०/ २९ जून २०१३ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर मेलबर्न आणि वेस्टर्न बुलडॉग्स यांच्या महिला संघांत प्रदर्शनीय सामना झाला. अशा सामन्यांना प्रतिसाद वाढत गेला आणि २०१७ साली आठ संघांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. ३ फेब्रुवारी २०१७ च्या उद्घाटनाच्या सामन्याला मेलबर्नमधील प्रिन्सेस पार्कमध्ये सुमारे २४,५०० प्रेक्षक आले. मैदान भरले, दरवाजे बंद करावे लागले आणि बाहेर राहिलेल्यांना परत फिरावे लागले.

११/ उत्साहाच्या या चित्रामागे पगाराचे आकडेही पाहू. पहिल्या हंगामात प्रत्येक संघाच्या दोन प्रमुख खेळाडूंना २७,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत आणि बहुसंख्य खेळाडूंना ८,५००. तेथील राहणीमानात इतक्या रकमेवर वर्ष निघत नाही. त्यामुळे बहुतेक जणी दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव करीत. शिक्षिका, परिचारिका, सैनिक, विद्यार्थिनी. लीग ‘व्यावसायिक’ होती; पण दुखापत झाली तर खेळाडूची दुसरी, पोट भरणारी नोकरीही धोक्यात येत होती.

१२/ ॲडलेडच्या पहिल्या संघातील दोन कळीच्या खेळाडू होत्या एरिन फिलिप्स आणि चेल्सी रँडल. फिलिप्स बास्केटबॉलमधून परतलेली, ऑलिंपिक खेळलेली, आधीच प्रसिद्ध. रँडलचे नाव पश्चिम ऑस्ट्रेलियाबाहेर फार थोड्यांना ठाऊक. दोघींना संयुक्त कर्णधारपद दिले गेले. एक गुण मिळवणारी, दुसरी गुण रोखणारी. संघाचा तोल या जोडीवर उभा राहिला.

१३/ २५ मार्च २०१७. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना. तो ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर व्हायचा होता; पण तेथील एका मोठ्या संगीत मैफलीनंतर हिरवळ खराब झाल्याने गोल्ड कोस्टला हलवावा लागला. निकाल : ॲडलेड ४.११ (३५), ब्रिस्बेन ४.५ (२९). गोल दोघांचेही चार. फरक केवळ सहा बिहाइंडचा. आपण वर पाहिलेला हिशेब इथे आठवा : शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत बचावफळीने एक चूक करून गोल होऊ दिला असता, तरी सामना बरोबरीत आला असता.

१४/ त्यानंतर रँडल वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या ‘ऑल-ऑस्ट्रेलियन’ संघात पुन्हा पुन्हा निवडली गेली. याहून बोलका आहे तो दुसरा सन्मान. खेळाडूंची संघटना दरवर्षी ‘सर्वांत धाडसी खेळाडू’ निवडते, आणि मत देतात त्या मैदानात एकमेकींवर आदळणाऱ्या खेळाडूच. लीगच्या सुरुवातीच्या हंगामांत हा पुरस्कार वारंवार रँडलला मिळाला. न घडलेल्या गोलांची नोंद नसते, असे मी सुरुवातीला म्हटले. ती नोंद प्रतिस्पर्ध्यांच्या या मतांत सापडते.

१५/ ३१ मार्च २०१९ रोजी ॲडलेडने कार्लटनला १०.३ (६३) विरुद्ध २.६ (१८) असे हरवून दुसरे विजेतेपद मिळवले. ॲडलेड ओव्हलवर ५३,०३४ प्रेक्षक होते. प्रतिस्पर्ध्याला संपूर्ण अंतिम सामन्यात दोनच गोल करू देणे, हा बचावफळीचा विजय होता. मात्र त्याच सामन्यात एरिन फिलिप्सच्या गुडघ्याचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तुटला. पुढच्या हंगामाआधी रँडलचाही तोच अस्थिबंध गेला आणि २०२० चा संपूर्ण हंगाम तिला बाहेर बसावे लागले.

१६/ एसीएलची दुखापत स्त्री-खेळाडूंना पुरुषांच्या तुलनेत अधिक प्रमाणात होते, हे अनेक खेळांत आढळले आहे. शरीररचना हे एक कारण सांगितले जाते. पण ज्यांना लहानपणापासून उडी मारून उतरण्याचे, वळण्याचे शास्त्रीय प्रशिक्षण मिळाले नाही, ज्यांचा वर्षभर सराव नाही, त्यांच्या गुडघ्यांचा विचार करताना केवळ शरीराकडे बोट दाखवणे पुरेसे नाही. किशोरवयातील त्या कोऱ्या वर्षांचा हिशेब इथे लागतो.

१७/ आता मेंदूच्या प्रश्नाकडे येऊ. २०२० च्या प्रारंभी एक बातमी आली : ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर या दिवंगत, दंतकथा बनलेल्या खेळाडूच्या मेंदूत ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी’, संक्षेपाने सीटीई, आढळली. डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांशी जोडला जाणारा हा मेंदूचा ऱ्हास असून त्याचे निश्चित निदान मृत्यूनंतरच होते. पाठोपाठ डॅनी फ्रॉली आणि शेन टक या माजी खेळाडूंच्या मेंदूंतही तो आढळला. प्रश्न सुट्या अपघातांचा राहिला नाही. तो खेळाच्या पद्धतीचा झाला.

१८/ या पार्श्वभूमीवर २०२१ च्या हंगामापासून लीगने नियम कडक केला : मेंदूला हादरा बसल्याचे, म्हणजे कन्कशनचे, निदान झाले की किमान १२ दिवस सामना नाही. विश्रांती, मग हलका व्यायाम, मग सराव, आणि अगदी शेवटी अंगलटीचा सराव, असे टप्पे. सामने साधारणपणे आठवड्याने होतात. म्हणजे १२ दिवसांचा अर्थ सरळ होता : एक सामना नक्की चुकणार, मग तो कोणताही असो.

१९/ ‘कोणताही असो’ या शब्दांची परीक्षा पहिल्याच हंगामात झाली. १० एप्रिल २०२१ रोजी मेलबर्नविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रँडलची टक्कर झाली आणि तिला कन्कशन झाले. ॲडलेडने सामना जिंकला. अंतिम सामना सात दिवसांवर. बारातून सात गेले, उरले पाच. गुडघ्यामुळे आधीचे वर्ष गमावून परतलेली कर्णधार अंतिम सामन्याला मुकणार होती. अपवाद करावा का, याची चर्चा झाली. अपवाद झाला नाही.

२०/ ब्रिस्बेन ६.२ (३८), ॲडलेड ३.२ (२०). ब्रिस्बेनचे हे पहिले विजेतेपद. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक मिळाले ते एका बचावपटूलाच : ब्रिस्बेनच्या केट लटकिन्सला. रँडल असती तर निकाल बदलला असता का? हा प्रश्न इतिहासाचा नव्हे, कल्पनेचा आहे. इतिहासाचा प्रश्न वेगळा आहे : हा नियम चार वर्षे आधी, पहिल्या हंगामातच असता, तर?

२१/ हा प्रश्न मी एका नावामुळे विचारतो आहे. हेदर अँडरसन. २०१७ च्या विजेत्या ॲडलेड संघातील रँडलची सहकारी. लष्करात वैद्यकीय सहायक. त्या हंगामातील आठही सामने ती खेळली. डोक्यावर ठळक गुलाबी हेल्मेट घाले. कारण तिच्या आईची दृष्टी अधू होती आणि मैदानातल्या गर्दीत लेक ओळखू यावी, एवढाच हेतू. खांद्याच्या दुखापतीने तिची कारकीर्द त्याच वर्षी थांबली.

२२/ नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, हेदरचे निधन झाले. कुटुंबाने तिचा मेंदू संशोधनासाठी दिला. २०२३ साली ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स ब्रेन बँकेच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की त्यात सीटीई आढळली. व्यावसायिक महिला खेळाडूत या विकाराचे हे जगातील पहिले निदान. ती लहानपणापासून अंगलटीचे खेळ खेळत आली होती, त्यामुळे कारण एका हंगामाचे किंवा एका संघाचे नव्हे. तिच्या मृत्यूचा आणि या निदानाचा थेट संबंध जोडणेही अनुचित ठरेल. पण निदान आहे.

२३/ पहिले निदान २०२३ साली का? स्त्रियांना हा विकार त्याआधी होत नव्हता म्हणून नव्हे. संशोधन प्रामुख्याने पुरुषांच्या मेंदूंवर झाले होते. कारण व्यावसायिक अंगलटीचे खेळ पुरुषांचे मानले जात. दुसरीकडे, समान खेळांत स्त्रियांना कन्कशन होण्याचे प्रमाण अधिक दिसते, असे अनेक अभ्यास सांगतात. बचावपटूंच्या रोखलेल्या गोलांची नोंद नव्हती, तशीच स्त्रियांच्या डोक्याला बसलेल्या आघातांचीही नव्हती. धावफलकावरची उणीव चर्चेपुरती राहते. वैद्यकातली उणीव जिवावर बेतते.

२४/ आता १७ एप्रिल २०२१ कडे परत येऊ. रँडलने त्यागाचा निर्णय घेतला, अशी सुंदर कथा सांगण्याचा मोह होतो. ती कथा मी सांगणार नाही. निर्णय तिने घेतला नाही. नियमाने घेतला, आणि ते योग्यच होते. सहकाऱ्यांनी ‘सर्वांत धाडसी’ ठरवलेल्या खेळाडूला अंतिम सामन्याच्या सकाळी ‘खेळशील का?’ असे विचारले, तर तिचे उत्तर काय येईल? धाडसी माणूस स्वतःच्या इजेचा सर्वांत वाईट परीक्षक असतो. हा प्रश्न तिला विचारण्याची वेळच येऊ नये, यासाठी नियम असतो.

२५/ म्हणून तो न खेळलेला सामना मला तिच्या कारकिर्दीतील महत्त्वाची नोंद वाटतो. कर्णधार, धाडसाचे प्रतीक, घरचे मैदान, अंतिम सामना. अपवाद करण्याची इतकी सबळ कारणे एकत्र क्वचितच येतात. तरीही नियम टिकला. त्यानंतर एखाद्या शाळेच्या संघातील पंधरा वर्षांच्या मुलीला प्रशिक्षकाने ‘आज तू बसायचे’ असे सांगितले, तर त्याच्या पाठीशी एक उदाहरण उभे होते : अंतिम सामन्याला रँडलही बसली होती.

२६/ पुढे काय झाले? एका वर्षाने, ९ एप्रिल २०२२ रोजी, त्याच ॲडलेड ओव्हलवर पुन्हा अंतिम सामना झाला. ॲडलेड ४.५ (२९), मेलबर्न २.४ (१६). प्रतिस्पर्ध्याचे पुन्हा दोनच गोल. या वेळी रँडल मैदानात होती, आणि चषक उचलणारी कर्णधारही तीच होती. संघाचे हे तिसरे विजेतेपद. त्याच वर्षी लीग १८ संघांची झाली. २०२३ साली ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या समितीने अंगलटीच्या खेळांतील कन्कशनविषयी आपला अहवाल सादर केला.

२७/ खेळाचा इतिहास वाचताना आपण विक्रमांच्या याद्या पाठ करतो. माझी विनंती एवढीच : कधी तरी त्या यादीतील गाळलेल्या जागाही वाचा. एखाद्या खेळाडूच्या नावापुढे ‘खेळली नाही’ असे लिहिलेले असते, तिथे थांबून विचारा : का नाही? कोणी थांबवले? आणि थांबवणारे कोणी नव्हते तेव्हा काय झाले? रँडलच्या नावापुढील त्या एका कोऱ्या रकान्याचे उत्तर पुढच्या वर्षीच्या चषकात मिळते. हेदरसारख्या खेळाडूंच्या वाट्याला तो कोरा रकाना आलाच नाही.

धागा समाप्त.